टायमिंग बेल्ट दिसायला धड आहे, तरी बदलायचा का?

मोकळा_रस्ता

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात वापरलेली गाडी घेतली. पेट्रोल, चार सिलिंडर, नऊ वर्षं जुनी, मीटरवर ७८,००० किलोमीटर. आधीच्या मालकांनी ऑइल आणि फिल्टरच्या सगळ्या पावत्या जपून ठेवल्या होत्या, त्या मला दिल्या. पण टायमिंग बेल्टचा, म्हणजे इंजिनाच्या झडपा (वॉल्व्ह) वेळेवर उघडायला लावणाऱ्या दातेरी पट्ट्याचा, उल्लेख एकाही पावतीत नाही. विचारलं तर म्हणाले, "बदलल्याचं आठवत नाही."

गाडीच्या पुस्तिकेत १,००,००० किलोमीटर किंवा ६ वर्षं, यातलं जे आधी होईल ते, असं स्पष्ट लिहिलंय. माझ्या ओळखीच्या मेकॅनिककाकांनी वरचं प्लास्टिकचं कव्हर काढून टॉर्चच्या उजेडात बेल्ट पाहिला. भेगा नाहीत, दात शाबूत, कडा उसवलेल्या नाहीत. त्यांचं म्हणणं, अजून वीस हजार किलोमीटर सहज जाईल. काकांचा हात चांगला आहे, त्यांच्यावर माझा विश्वास आहे. पण पुस्तिका एक सांगते आणि ते दुसरंच, म्हणून इथे विचारतोय.

नुसतं बघून बेल्टची खात्री होते का? बदलायचा झालाच तर सोबत काय काय बदलायचं? आणि थोडंफार हाताने काम करणाऱ्या माणसाला हे जमेल का? ब्रेक पॅड आणि फॅनबेल्ट मी स्वतः बदलले आहेत.

---

पाना_बारा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. बघून बेल्ट खराब आहे हे कळू शकतं. बघून बेल्ट चांगला आहे हे कळत नाही.

का, ते सांगतो. टायमिंग बेल्ट म्हणजे नुसतं रबर नव्हे. ताण सोसायचं काम आतल्या काचतंतूंच्या दोऱ्या करतात. त्या दोऱ्यांवर रबराचं अंग आणि दातांच्या बाजूला झीज सोसणारं नायलॉनचं कापड. जुन्या काळी हे रबर निओप्रीनचं असायचं. ते म्हातारं झालं की भेगा पडायच्या, आणि "भेगा बघा" हा सल्ला तेव्हापासून चालत आलाय. आता बहुतेक बेल्ट हायड्रोजनेटेड नायट्राइल रबराचे असतात. हे रबर उष्णतेला आणि तेलाला जास्त टिकतं, आणि भेगा फार उशिरा दिसतात किंवा दिसतच नाहीत. आतल्या दोऱ्या मात्र थकत असतात, दाताच्या मुळाशी रबर थकत असतं. ते टॉर्च मारून कुणालाच दिसणार नाही, काकांचा हात कितीही चांगला असो.

बेल्टवर काम किती पडतं याचा हिशेब करून बघा. सरासरी वेग ताशी ४० किलोमीटर आणि इंजिन मिनिटाला २,००० फेरे धरलं, तर १,००,००० किलोमीटरसाठी २,५०० तास लागतात. म्हणजे क्रँकचे, पिस्टनांनी फिरणाऱ्या मुख्य दांड्याचे, ३० कोटी फेरे. प्रत्येक फेऱ्यात बेल्ट कॅमला, म्हणजे वॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याला, अर्धा फेरा फिरवतो, आणि प्रत्येक वेळी वॉल्व्हच्या स्प्रिंगा कॅमला आधी अडवतात, मग पुढे ढकलतात. म्हणजे बेल्टला सरळ ओढ मिळत नाही, सतत हिसके बसतात.

आणि तुमचे किलोमीटर कमी असले तरी वर्षं नऊ आहेत. रबर उभ्या गाडीतही कडक होतं. पुस्तिकेत "जे आधी होईल ते" लिहिलंय ते याच कारणाने. तुमचा बेल्ट तीन वर्षांपूर्वीच बदलायला हवा होता. आता वीस हजारांचा विषयच काढू नका.

---

संथ_चाल

पाना_बारा, तुमचा मुद्दा पटतो, पण माझा अनुभव वेगळा आहे म्हणून लिहितो. माझ्या आधीच्या गाडीचा बेल्ट १,३०,००० किलोमीटरला बदलला, पुस्तिकेतल्या आकड्याच्या बराच पुढे जाऊन. काढलेला बेल्ट हातात घेऊन पाहिला, अगदी ठणठणीत होता. कंपन्या आकडा देताना भरपूर राखून देतात असं मला वाटतं. चांगल्या अवस्थेतला भाग फेकून देणं जिवावर येतं.

---

पाना_बारा

संथ_चाल, आकडा राखून दिलेला असतो हे खरंच आहे. पण तो सगळ्यांसाठी राखलेला असतो. एक जण रोज लांब पल्ला सारख्या वेगाने जातो. दुसरा दिवसभर थांबत-थांबत चालवतो, इंजिन तापतं, मीटर मात्र हलत नाही. तिसऱ्याच्या गाडीत सीलमधून तेल झिरपतं. आकडा त्या तिसऱ्यालाही सांभाळायला हवा.

तुमचा बेल्ट ठणठणीत दिसत होता म्हणालात, त्यात "दिसत" हा शब्द महत्त्वाचा. तो आणखी पन्नास हजार गेला असता की पाचशे, हे बाहेर काढून हातात घेतल्यावरही सांगता येत नाही.

---

उताराची_वाट

मी गाडीतली जाणकार नाही, पण जे घडलं ते सांगते. कुणाच्या उपयोगी पडेल.

माझी डिझेल गाडी. बेल्ट बदलून जेमतेम दोन वर्षं झाली होती, त्यामुळे त्या बाजूने मी निर्धास्त होते. काही आठवडे सकाळी गाडी चालू केल्यावर इंजिनाच्या एका बाजूने बारीक घरघर यायची, गाडी तापली की कमी व्हायची. फॅनबेल्ट असेल म्हणून दुर्लक्ष केलं. एक दिवस अगदी हळू वेगात, वळणावर, इंजिन एकदम बंद पडलं. धक्का नाही, धूर नाही. पुन्हा सेल्फ मारला, तर इंजिन नेहमीपेक्षा भरभर फिरलं, एकदम हलकं, जणू आत काही अडवणारं उरलंच नाही. तीन-चार वेळा सेल्फ मारला. तसं करायला नको होतं हे नंतर समजलं.

उघडल्यावर कळलं की बेल्ट स्वतःहून गेला नव्हता. बेल्टला वाट देणारी जी बिनदाती पुली असते, आयडलर, तिचं बेअरिंग जाम झालं होतं. फिरत्या बेल्टखाली पुली थांबली, घासून घासून बेल्ट वितळला आणि तुटला. दोन वर्षांपूर्वी ज्या गॅरेजमध्ये काम केलं तिथे फक्त बेल्ट बदलला होता, पुल्या आणि बेल्टला ताण देणारा टेन्शनर जुनेच परत बसवले होते. "त्या चांगल्या आहेत," असं मला तेव्हा सांगितलं होतं. आठपैकी आठ वॉल्व्ह वाकले, दोन पिस्टनवर खुणा उठल्या. हेड, म्हणजे इंजिनाचा वॉल्व्ह असलेला वरचा भाग, उतरवावं लागलं.

म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर: नुसता बेल्ट कधीही बदलू नका.

---

मोकळा_रस्ता

ताई, वाचून अंगावर काटा आला. इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

एक शंका. बेल्ट तुटला की प्रत्येक इंजिनात वॉल्व्ह वाकतात का? काका म्हणत होते की काही इंजिनांना काही होत नाही.

---

कॅम_आणि_क्रँक

काकांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. इंजिनं दोन प्रकारची असतात. एका प्रकारात पूर्ण उघडलेला वॉल्व्ह आणि अगदी वर आलेला पिस्टन यांच्यात जागा उरते. बेल्ट तुटला तर गाडी जागच्या जागी थांबते, एवढंच. नवा बेल्ट टाका, चालू करा. दुसऱ्या प्रकारात तेवढी जागा नसते. दोघं तीच जागा वापरतात, फक्त वेगवेगळ्या वेळी, आणि ती वेळ ठरवून देतो तो बेल्ट. याला इंटरफिअरन्स इंजिन म्हणतात. बेल्ट गेला की कॅम थांबतो, काही वॉल्व्ह उघडेच राहतात, पिस्टन मात्र जडत्वाने वर येत राहतो.

डिझेलला हवा फार दाबावी लागते, म्हणून वर जागाच ठेवता येत नाही. डिझेल जवळपास सगळी दुसऱ्या प्रकारातली समजा. आजची बहुतेक पेट्रोल इंजिनंही त्यातच येतात, कारण जास्त दाब आणि जास्त उघडणारे वॉल्व्ह म्हणजे चांगला पिकअप आणि कमी इंधन. तुमच्या इंजिनाचा प्रकार पुस्तिकेत बहुधा मिळणार नाही, सर्व्हिस मॅन्युअलमध्ये किंवा बेल्ट बनवणाऱ्यांच्या यादीत मिळेल. मिळेपर्यंत वॉल्व्ह वाकतात असंच धरून चला.

उताराची_वाट यांनी सांगितलेली खूण सगळ्यांनी लक्षात ठेवा. चालता चालता इंजिन बंद पडलं आणि सेल्फ मारल्यावर ते हलकं, भरभर, एका सुरात फिरलं, तर थांबा. वॉल्व्ह हलत नाहीत म्हणून दाबच तयार होत नाही आणि आवाज तसा येतो. काही इंजिनांत ऑइल भरायच्या तोंडातून कॅमशाफ्ट दिसतो. तिथे नजर ठेवून दुसऱ्याला क्षणभर सेल्फ मारायला सांगितलं की कॅम फिरतो की नाही ते कळतं. एकदाच. त्यापुढचा प्रत्येक सेल्फ म्हणजे उघड्या वॉल्व्हवर आणखी एक ठोका.

---

जुनी_पुस्तिका

थोडा इतिहास, विषयाला धरूनच. दातेरी रबरी बेल्टवर कॅम चालवणारी पहिली उत्पादनातली गाडी १९६२ ची, जर्मनीतल्या ग्लास कंपनीची १००४. त्याआधी हे काम साखळी किंवा गिअर करायचे. पुढे १९६६ मध्ये फियाट १२४ च्या स्पोर्ट गाड्यांसाठी ऑरेलियो लाम्प्रेदी यांनी दोन कॅमचं इंजिन बेल्टवर बांधलं, आणि ही पद्धत रुजली. बेल्ट हलका, आवाज नाही, तेलाची गरज नाही. त्या मोबदल्यात आपण मुदतीत बदलायचं, असा तो व्यवहार होता.

---

नवखा_चालक

मधेच विचारतो, माफ करा. माझ्या गाडीला साखळी आहे. म्हणजे मला यातलं काही बघायला नको ना?

---

कॅम_आणि_क्रँक

साखळीला ठरलेली मुदत नसते, पण तिचं आयुष्य ऑइलवर चालतं. ऑइल वेळेवर बदललं नाही तर साखळीच्या पिना झिजतात, ती लांबते, आणि ऑइलच्या दाबावर चालणारा तिचा टेन्शनर पुरा पडत नाही. थंड इंजिन चालू केल्यावर दोन-चार सेकंद खडखड येऊन थांबत असेल तर लगेच दाखवा.

तिसरा प्रकारही आहे, ऑइलमध्येच भिजत चालणारा बेल्ट. फोर्डचं १ लिटर इकोबूस्ट किंवा प्यूजो-सिट्रोएनचं १.२ लिटर प्युअरटेक, या इंजिनांच्या अनेक आवृत्त्यांत तो आहे. तिथे चुकीचं ऑइल घातलं किंवा ऑइलमध्ये पेट्रोल मिसळत राहिलं की रबर फुगतं, सुटतं, आणि त्याचे कण ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतात. बेल्ट तुटायच्या आधी ऑइलचा दाबच जातो. प्युअरटेकसाठी तर बेल्टची रुंदी मोजायचं एक मापच मिळतं. ऑइलच्या तोंडातून आत घालायचं, फुगलेला बेल्ट त्यात बसत नाही. तुमचं यातलं असेल तर ऑइलची प्रत पुस्तिकेतली अक्षर न् अक्षर जुळवून घ्या.

---

मोकळा_रस्ता

ठरलं, बदलतोय. मॅन्युअल मिळवलं. इंजिन इंटरफिअरन्सच आहे. काकांना हा धागा वाचून दाखवला. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "बरं, दोघं मिळून करू." तर काम करताना नेमकं कुठे चुकतं, ते कुणी सांगाल का? पायऱ्या मॅन्युअलमध्ये आहेत.

---

पाना_बारा

पायऱ्या मॅन्युअलच्याच पाळा, प्रत्येक इंजिनाच्या वेगळ्या. माझ्या किंवा माझ्यासमोर झालेल्या चुका तेवढ्या लिहितो.

सामान आधी. बेल्ट, टेन्शनर, सगळे आयडलर एकत्र किटमध्ये येतात, तेच घ्या. वॉटर पंप टायमिंग बेल्टवर फिरत असेल तर तोही. पंप पुढे वर्षभराने गळू लागला तर पुन्हा हेच सगळं उघडावं लागतं, आणि कुलंट नव्या बेल्टवर पडलेलं असतं. कॅम आणि क्रँकची ऑइल सीलं पुल्यांच्या मागेच बसतात, ओलावा दिसला तर तीही. क्रँकचा मोठा बोल्ट बऱ्याच इंजिनांत एकदाच वापरायचा असतो, नवा आणून ठेवा.

काम थंड इंजिनावर. रात्रभर उभी गाडी. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा. स्पार्क प्लग काढा, म्हणजे इंजिन हाताने हलकं फिरतं आणि काही अडलं तर पान्यावर लगेच जाणवतं.

क्रँकचा बोल्ट सोडताना कुणी सांगेल की पाना अडकवून सेल्फ मारा, सुटतो. ऐकू नका. पाना सुटून माणसाला लागतो. पुली धरायचं हत्यार घ्या. कॅम आणि क्रँक जागेवर ठेवायच्या पिना मिळतात, त्या फक्त स्थिती राखायला असतात. त्यांच्या भरवशावर बोल्ट सोडायला गेलात तर पीन वाकते किंवा कास्टिंग तुटतं.

खुणांबद्दल. बाहेरच्या मोठ्या पुलीवर जी खाच असते ती बऱ्याचदा इग्निशनसाठी असते. पुली काढल्यावर आतल्या दातेरी चाकावर वेगळी खूण असते, ती जुळवायची. यात गफलत करणारे मी तीन तरी पाहिलेत. आणि चार स्ट्रोक इंजिनात पहिला पिस्टन दोनदा वर येतो, तेव्हा क्रँकची खूण जुळली एवढ्याने भागत नाही, कॅमचीही जुळलेली हवी. जुना बेल्ट काढायच्या आधी फोटो काढा, सरळ समोरून. तिरकस फोटोत एक दात इकडचा तिकडे दिसतो.

आडव्या इंजिनात बेल्टच्या बाजूचं माउंटिंग, म्हणजे इंजिनाचा आधार, सोडावं लागतं. ऑइल पॅनखाली जाड लाकूड ठेवून जॅकने इंजिन अलगद पेला, पॅनला थेट जॅक लावू नका.

बेल्ट निघाल्यावर कॅम किंवा क्रँक उगाच फिरवू नका. वॉल्व्हच्या स्प्रिंगांमुळे कॅम स्वतःहून उडी मारू शकतो. उडालाच तर ओढून परत आणू नका. आधी क्रँक पाव फेरा मागे घ्या, म्हणजे चारही पिस्टन अर्ध्या उंचीवर येतात, मग कॅम जागेवर आणा, मग क्रँक परत.

नवा बेल्ट घडी करू नका, उलटा पिळू नका, गुंडाळून खिशात घालू नका. काचतंतू एकदा मोडले की बाहेरून काही दिसत नाही. हात तेलकट असतील तर आधी पुसा. चढत नसेल तर स्क्रू ड्रायव्हरने रेटायचा नाही. बाण असेल तर दिशा बघा. क्रँकपासून सुरू करा, ज्या बाजूला टेन्शनर नाही ती बाजू ताठ ठेवत कॅमपर्यंत जा, सगळी ढील टेन्शनरच्या बाजूला यायला हवी. ताठ बाजूला ढील राहिली तर ताण दिल्यावर कॅम एक दात सरकतो. २० दातांच्या क्रँकला एक दात म्हणजे १८ अंशांची चूक, इंजिन त्यावर चालतं पण रडत चालतं.

मग सर्वांत महत्त्वाचं. ताण दिल्यावर क्रँक हाताने, इंजिन चालतं त्याच दिशेने, पूर्ण दोन फेरे फिरवा आणि खुणा पुन्हा जुळवून बघा. कुठे टक्क होऊन अडलं तर जोर लावू नका, थांबा, पिस्टन वॉल्व्हला टेकलाय. नीट फिरलं तर टेन्शनरचा काटा, म्हणजे ताण दाखवणारी खूण, खाचेसमोर आहे का ते पुन्हा बघा. आणखी दोन फेरे, पुन्हा बघा. या दहा मिनिटांत कंजुषी नको.

काही डिझेलमध्ये उच्च दाबाचा इंधन पंपही याच बेल्टवर असतो, काही इंजिनांत बॅलन्स शाफ्टचा दुसरा छोटा बेल्ट असतो. तो तुटून मोठ्यात अडकतो, तेव्हा तो जुना ठेवू नका.

---

उताराची_वाट

एक भर. किती किलोमीटरला आणि कोणत्या तारखेला बदलला ते इंजिनाच्या कव्हरवर चिकटवा. माझ्याकडे पावती होती, पण "फक्त बेल्ट" की "पूर्ण किट" हे तिच्यात लिहिलं नव्हतं.

---

मोकळा_रस्ता (दोन आठवड्यांनी)

काम झालं. सकाळी आठला सुरू केलं, संध्याकाळी सहाला संपलं. काकांसोबत केलं नसतं तर माउंटिंगच्या बोल्टपाशीच अडकलो असतो.

आधी काय निघालं ते सांगतो. वरून दिसणारा बेल्ट खरोखर स्वच्छ होता. पण खालचं कव्हर काढल्यावर क्रँकच्या सीलखाली तेलाचा काळा ओला पट्टा दिसला, आणि तिथे बेल्टची आतली कड चिकट, फुगीर झाली होती. वरच्या कव्हरमधून ते कधीच दिसलं नसतं. काकांनी ते बघितलं आणि कव्हर हातात धरून उभेच राहिले. आता गिऱ्हाइकाला सांगण्याआधी खालचं कव्हर उघडूनच बघणार, असं स्वतःहून म्हणाले.

जुना आणि नवा बेल्ट शेजारी ठेवले. नवा हातात लवचीक, मऊ. जुना वाकवताना अडतो, पाठ चकचकीत झालेली. आयडलर बोटाने फिरवला तर कोरडा खरखर आवाज करत सुटा फिरत राहिला. नवा दाटसर फिरून लगेच थांबतो, आतलं ग्रीस शाबूत असल्यामुळे, असं काकांनी समजावलं. वॉटर पंपाच्या अंगाला खाली जे बारीक भोक असतं तिथे वाळलेल्या कुलंटचा रंगीत थर होता. म्हणजे पंपही निघायच्या बेतात होता.

घाबरलो एकदाच. बेल्टवर रंगाने खुणा करून घेतल्या होत्या. दोन फेरे फिरवल्यावर चाकांच्या खुणा जुळल्या, पण बेल्टवरच्या खुणा भलतीकडेच! पुन्हा सगळं काढायला निघालो होतो.

आता अडचण: गाडी छान चालू झाली, आयडलिंग एकसारखं, डॅशबोर्डवर दिवा नाही. पण २,००० फेऱ्यांच्या वर गेलं की बेल्टच्या बाजूने कण्हल्यासारखी बारीक शीळ येते. आधी नव्हती. गाडी चालवलेली नाही, उभी आहे.

---

कॅम_आणि_क्रँक

बेल्टवरच्या खुणा परत न जुळणं बरोबरच आहे. त्या फक्त बसवताना उपयोगी. कॅमला ४० दात आणि बेल्टला समजा १२१ असतील, तर तोच दात त्याच खुणेसमोर यायला कॅमचे १२१ फेरे लागतात, क्रँकचे २४२. ही योजना मुद्दाम असते, म्हणजे तोच दात दर वेळी त्याच जागी मार खात नाही. चाकांच्या खुणा जुळल्या की झालं.

शीळ मात्र गंभीरपणे घ्या. नवा बेल्ट फेऱ्यांबरोबर चढत जाणारी शीळ काढतो तेव्हा बहुतेकदा ताण जास्त असतो. ढिला असेल तर कव्हरवर फटफट आपटल्याचा आवाज येतो. चालवली नाहीत ते उत्तम केलंत. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर कव्हर काढा आणि टेन्शनरचा काटा कुठे आहे ते सांगा.

---

मोकळा_रस्ता

काटा खाचेच्या पुढे गेलेला होता, साधारण काट्याच्या रुंदीइतका. आम्ही ताण दिला तेव्हा तो बरोबर मध्यावर होता, मला पक्कं आठवतं.

---

पाना_बारा

मध्यावर असताना बोल्ट आवळताना टेन्शनर सोबत फिरला असणार. हे फार वेळा होतं. एका हाताने ॲलन की ने टेन्शनर काट्याच्या जागी घट्ट धरून ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने टॉर्क पान्याने आवळायचं. दोघं आहात, एकाने धरा, एकाने आवळा. मग पुन्हा दोन फेरे आणि काटा. असंच सोडलं असतं तर बेल्टच्या आधी नव्या वॉटर पंपाचं बेअरिंग गेलं असतं.

---

मोकळा_रस्ता

तसंच केलं. पहिल्या प्रयत्नात आवळताना पुन्हा थोडा सरकला, ते डोळ्यांनी पाहिलं! दुसऱ्यांदा काकांनी धरला. चार फेरे फिरवले, काटा मध्यावर. चालू केली, शीळ पूर्ण गेली. आज ६० किलोमीटर चालवली, परत येऊन थंड झाल्यावर कव्हर उघडून बघितलं, काटा तिथेच, बेल्ट चाकाच्या मधोमध चालतोय, कडेला घासत नाही.

कव्हरवर चिठ्ठी लावली. तारीख, ७८,४१० किलोमीटर, "बेल्ट, टेन्शनर, दोन आयडलर, वॉटर पंप, क्रँक सील". ताई, तुमच्या सांगण्यावरून प्रत्येक भाग वेगळा लिहिला.

जुना बेल्ट अडीअडचणीला डिकीत ठेवावा का?

---

पाना_बारा

नको. कापून टाका, म्हणजे चुकूनही कुणी बसवणार नाही.

---

संथ_चाल

खालच्या कव्हरमागची ती फुगलेली कड वाचून मी गप्प झालो होतो. माझ्याही बेल्टचा मी वरचाच भाग पाहिला होता, काढल्यावर आतल्या कडेकडे लक्षच दिलं नव्हतं. आत्ताच्या गाडीचे ९२,००० झालेत. किट मागवलंय, वॉटर पंपासकट.

---

कोपऱ्यातली_गाडी

सगळा धागा वाचला, खूप उपयोग झाला. माझा प्रश्न जरा वेगळा. वडिलांची गाडी, आठ वर्षांत फक्त १५,००० किलोमीटर झालेत. गेली दोन वर्षं जागेवरून हललेली नाही. बॅटरी नवी बसवून चालू करणार होते. बेल्ट नवाच म्हणायचा ना?

---

पाना_बारा

थांबा, सेल्फ मारू नका. दोन वर्षं बेल्ट एकाच आकारात पुल्यांभोवती वाकून बसलाय, तो तसाच कडक झालेला असू शकतो. आठ वर्षं म्हणजे बहुतेक पुस्तिकांची मुदत संपलेली किंवा संपत आलेली. ढकलून चालू करायचा विचार तर अजिबात करू नका. जागेवर असताना दोन्ही कव्हरं उघडून बेल्ट, टेन्शनर, पंप आणि सीलं बघा. उंदराने कुरतडलंय का तेही बघा, उभ्या गाडीत ते होतं. किट बदला, ऑइल बदला, प्लग काढून क्रँक हाताने दोन फेरे फिरवा, आणि मगच नवी बॅटरी जोडा. गाडी कोणती आणि इंजिन कोणतं ते लिहा, मॅन्युअलमधली मुदत शोधून देतो.